क्रेडिट कार्डाचे बिल आणि हंगामी कमाई: फेड कशी करावी, कोणते कार्ड निवडावे?

आरोंदा हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातले, तेरेखोल नदीकाठचे गाव. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोव्यातला पेडणे तालुका सुरू होतो. या पट्ट्यातल्या अनेक घरांची कमाई हंगामावर चालते. काजू आणि आंब्याचे पैसे साधारण फेब्रुवारी ते मे या काळात हातात येतात. पर्यटनावर चालणारे धंदे दिवाळीपासून मेपर्यंत तेजीत असतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. पावसाळ्याची बेगमी, शाळेचे प्रवेश आणि पाठोपाठ येणारी चतुर्थी हे मोठे खर्च मात्र कमाई आटलेल्या याच काळात उभे राहतात.

क्रेडिट कार्डाचे बिल हंगाम पाहत नाही, ते दर महिन्याला येते. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यासाठी बनवलेले हे साधन हंगामी उत्पन्नाच्या घरात आले की नेमकी इथेच अडचण सुरू होते. म्हणून कार्डाचे व्याज कसे लागते, फेड कशी आखावी आणि कोणते कार्ड कोणाला सोयीचे, हे कार्ड घेण्यापूर्वीच समजून घेणे फायद्याचे ठरते.

बिलाची तारीख आणि भरण्याची तारीख

कार्डाच्या हिशेबात दोन तारखा महत्त्वाच्या असतात. पहिली बिलाची तारीख. त्या दिवशी महिन्याभराचे व्यवहार एकत्र करून बिल तयार होते. दुसरी भरण्याची शेवटची तारीख. बिल हाती आल्यानंतर व्याज लागण्यापूर्वी पैसे भरायला किमान पंधरवडा मिळाला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बऱ्याच बँका १८ ते २० दिवस देतात.

समजा, बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख ३० आहे. ११ मे रोजी केलेली खरेदी १० जूनच्या बिलात येईल आणि ३० जूनपर्यंत भरता येईल. म्हणजे ५० दिवस बिनव्याजी मिळाले. तीच खरेदी ९ जूनला केली तर तीही १० जूनच्याच बिलात येईल आणि हाती फक्त २१ दिवस राहतील. मोठी खरेदी बिलाच्या तारखेनंतर लगेच करावी, असे सांगतात ते यामुळेच.

बिलाची तारीख बदलून घेण्याची सोय नियमानुसार ग्राहकाला किमान एकदा तरी मिळते. पगार १ तारखेला होत असेल आणि भरण्याची तारीख २८ असेल, तर महिनाअखेरची ओढाताण टाळण्यासाठी ही सोय वापरावी.

'किमान देय रक्कम' म्हणजे काय?

बिलावर दोन आकडे असतात. एक 'एकूण देय रक्कम' आणि दुसरा 'किमान देय रक्कम'. किमान रक्कम साधारणपणे थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. त्यात कर, शुल्क आणि हप्ते मिळवलेले असतात. ती भरली की विलंब शुल्क लागत नाही आणि खाते थकीत दिसत नाही. पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरूच राहते.

कार्डावरचे व्याज महिन्याच्या दराने सांगितले जाते. ३ ते ३.७५ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण वर्षाला तो ३६ ते ४५ टक्के होतो. शिवाय व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो.

एक हिशेब पाहू. चतुर्थीच्या खरेदीनंतर कार्डावर ४०,००० रुपये बाकी राहिले. दर महिना ३.५ टक्के धरला आणि पुढे कार्डावर एकही नवी खरेदी केली नाही, तर:

- पहिल्या महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी २५२ रुपये. एकूण १,६५२ रुपये.
- दर महिना २,००० रुपये भरले, तर पहिल्या हप्त्यातून मूळ रक्कम फक्त ३४८ रुपयांनी कमी होते.
- वर्षभरात २४,००० रुपये भरूनही सुमारे ३४,७०० रुपये बाकी राहतात.
- याच गतीने कर्ज फिटायला सुमारे ४४ महिने लागतात आणि एकूण सुमारे ८६,००० रुपये जातात.
- दर महिना ४,००० रुपये भरले, तर हेच कर्ज १४ महिन्यांत फिटते आणि एकूण सुमारे ५२,६०० रुपये जातात.

हप्ता दुप्पट केला की मुदत निम्म्याहून खूप खाली येते, कारण वाढवलेला प्रत्येक रुपया थेट मूळ रकमेत जातो. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड कित्येक महिने किंवा वर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापणे बँकांना बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरात असला तरी वाचावा.

कार्डाच्या व्याजाला कायद्याने ठरावीक कमाल मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे दर तपासण्याची जबाबदारी कार्ड घेणाऱ्यावरच येते.

बिनव्याजी मुदत कशी जाते?

मागच्या बिलातली थोडी जरी रक्कम बाकी राहिली, तरी नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत बंद होते. मग आज घेतलेल्या किराण्यावरही आजपासूनच व्याज लागते. त्यामुळे बाकी असताना त्याच कार्डावर रोजची खरेदी चालू ठेवणे सर्वांत महाग पडते. अशा वेळी ते कार्ड बाजूला ठेवून खरेदी रोखीने किंवा डेबिट कार्डाने करावी. पूर्ण बाकी फिटली की बिनव्याजी मुदत पुन्हा सुरू होते.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख रक्कम काढली तर बिनव्याजी मुदत मिळतच नाही. काढल्या दिवसापासून व्याज लागते आणि रक्कम काढण्याचे शुल्क वेगळे. बहुतेक कार्डांवर हे शुल्क अडीच टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याला किमान रकमेची अट असते. हजार-दोन हजारांची नड भागवण्यासाठी हा मार्ग फार महाग आहे.

हंगामी उत्पन्नात फेडीची आखणी

ज्यांचे पैसे वर्षातून तीन-चार महिन्यांतच येतात, त्यांनी कार्डाचा वापर पगारदारापेक्षा वेगळ्या पद्धतीने करायला हवा.

१. *खर्चाची मर्यादा स्वतः ठरवावी.* बँकेने एक लाखाची मर्यादा दिली म्हणजे तेवढे पैसे आपले झाले, असे नाही. ज्या महिन्यात सर्वांत कमी उत्पन्न येते, त्या महिन्यात जेवढे बिल पूर्ण भरता येईल, तेवढीच आपली खरी मर्यादा. जुलैत ६,००० रुपयेच मोकळे होत असतील, तर जूनमधला कार्डाचा खर्च त्याच्या आतच हवा. कार्डाच्या ॲपमधून ही मर्यादा कमी करून ठेवता येते.

२. *हंगामात पैसे बाजूला काढावेत.* काजू-आंब्याचे पैसे आले की जून ते सप्टेंबरच्या बिलांपुरती रक्कम वेगळ्या बचत खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवीत ठेवावी.

३. *आपोआप भरणा 'एकूण देय रकमे'वर ठेवावा.* बँकेत आपोआप भरण्याची सूचना देताना 'किमान' आणि 'एकूण' असे दोन पर्याय असतात. घाईत 'किमान' निवडला गेला की बिल भरले जात आहे असे वाटत राहते आणि व्याज साचत जाते. खात्यात शिल्लक नसेल तर सूचना परत जाते आणि दोन्हीकडून शुल्क लागू शकते. म्हणून तारखेआधी शिल्लक पाहावी.

४. *शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.* दुसऱ्या बँकेच्या खात्यातून भरलेले पैसे कार्डावर जमा व्हायला कधी कधी वेळ लागतो. पावसात वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही बेभरवशाची असतात. तीन-चार दिवस आधी भरलेले बरे.

तारीख चुकलीच, तरी घाबरून जाऊ नये. भरण्याची तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाले तरच बँक विलंब शुल्क लावू शकते आणि थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीला कळवू शकते. हे शुल्कही उरलेल्या रकमेवरच काढायचे असते, पूर्ण बिलावर नाही. त्यामुळे चूक लक्षात येताच, त्याच दिवशी पैसे भरावेत.

बिल आवाक्याबाहेर गेले तर

*कमी व्याजाचे कर्ज काढून कार्ड फेडणे.* तेच ४०,००० रुपये वर्षाला १२ टक्के दराच्या कर्जातून १२ महिन्यांत फेडले, तर हप्ता सुमारे ३,५५४ रुपये पडतो आणि एकूण व्याज सुमारे २,६५० रुपये होते. सोनेतारण किंवा मुदत ठेवीवरचे कर्ज अनेकदा कार्डाच्या व्याजापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मात्र कार्ड फेडून झाल्यावर ते पुन्हा भरले गेले, तर एकाऐवजी दोन कर्जे डोक्यावर बसतात. सोनेतारणात हप्ते थकले तर दागिना लिलावात जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

*बाकीचे हप्ते पाडून घेणे.* बँक थकबाकीचे मासिक हप्ते करून देते. दर कार्डाच्या नेहमीच्या व्याजापेक्षा कमी असतो, पण प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. होकार देण्यापूर्वी सर्व मिळून किती रुपये जाणार, हा एकच आकडा विचारावा. दुकानातल्या 'विनाखर्च हप्त्यां'मध्येही व्याज असतेच. तेवढी सूट किमतीत दिलेली असते आणि व्याजावरचा जीएसटी ग्राहकालाच भरावा लागतो.

*दोन-तीन कार्डे असतील तर* सर्वांवर किमान रक्कम भरून उरलेले सर्व पैसे जास्त व्याजाच्या कार्डावर भरावेत. एका कार्डातून रोख काढून दुसरे कार्ड भरण्याच्या फेऱ्यात मात्र पडू नये.

कार्डांचे प्रकार

*आजीवन मोफत साधे कार्ड.* वार्षिक शुल्क नसते, सवलती बेताच्या असतात. पहिल्यांदा कार्ड घेणाऱ्याला आणि कमी खर्च करणाऱ्याला हे पुरते.

*कॅशबॅक कार्ड.* खर्चाच्या ठरावीक टक्के रक्कम परत मिळते. वार्षिक शुल्क ५०० रुपये असेल तर जीएसटीसह ते ५९० रुपये होते. एक टक्का कॅशबॅक असेल तर हे शुल्क भरून निघायलाच वर्षाला ५९,००० रुपये खर्च करावे लागतात. फायदा त्यापुढे सुरू होतो.

*इंधन कार्ड.* पंपावर क्रेडिट कार्डाने पैसे दिल्यास साधारण एक टक्का अधिभार लागतो. अनेक कार्डे तो ठरावीक रकमेच्या व्यवहारांवर माफ करतात. इंधन कार्डाची जादा सवलत मात्र बहुधा एकाच तेल कंपनीच्या पंपावर मिळते. आरोंद्याहून कामासाठी रोज गोव्यात जाणाऱ्याने आपल्या वाटेवर त्या कंपनीचा पंप आहे का, हे आधी पाहावे.

*प्रवास कार्ड.* विमानतळावरचे विश्रामकक्ष, तिकिटांवर गुण अशा सवलती असतात. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू असल्याने या भागातही अशा कार्डांची विचारणा होते. पण वर्षातून एकदा विमानाने जाणाऱ्याला त्याचे मोठे वार्षिक शुल्क परवडत नाही. परदेशात कार्ड वापरल्यास अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लागतो, हेही पाहावे.

*मुदत ठेवीवरचे कार्ड.* बँकेत ठेव ठेवून तिच्या ठरावीक टक्क्यांइतकी मर्यादा मिळते. पगाराची पावती किंवा आयकर विवरण नसलेल्यांसाठी, म्हणजे बागायतदार, मच्छिमार, छोटे दुकानदार, गृहिणी यांच्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग. ठेवीवर व्याज मिळत राहते आणि पतइतिहास तयार होतो. बिल थकले तर बँक ठेवीतून वसुली करते.

*यूपीआयला जोडता येणारे रुपे कार्ड.* सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. कार्ड यंत्र नसलेल्या दुकानातही क्यूआर कोडवर पैसे देता येतात. हे फक्त दुकानदाराला देण्यासाठी आहे, नातेवाइकाला किंवा मित्राला पैसे पाठवता येत नाहीत. सोय मोठी असली तरी चहापासून मासळीपर्यंत सगळे उधारीवर जाऊ लागते आणि महिन्याचा आकडा कळेनासा होतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा ॲपमध्ये बाकी पाहावी.

*पुरवणी कार्ड.* मुंबईतला चाकरमानी आपल्या कार्डावर गावातल्या आई-वडिलांसाठी दुसरे कार्ड काढून देऊ शकतो. खर्च कोणीही केला तरी बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच राहते.

किसान क्रेडिट कार्ड वेगळे का?

नावात 'क्रेडिट कार्ड' असले तरी ही योजना मूलतः शेतीच्या खेळत्या भांडवलाचे कर्ज आहे. ती १९९८ मध्ये सुरू झाली. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात तिचा विस्तार पशुपालन आणि मत्स्यव्यवसायापर्यंत करण्याचे जाहीर झाले आणि रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याची कार्यपद्धती ठरवून दिली. त्यामुळे मच्छिमार, मत्स्यशेती करणारे, त्यांचे बचतगट आणि महिलांचे गटही अर्ज करू शकतात.

व्याजसवलतीच्या मर्यादेत या कर्जाचा दर वर्षाला ७ टक्के असतो. वेळेत फेडल्यास ३ टक्क्यांची सूट मिळून तो ४ टक्क्यांवर येतो. ४०,००० रुपयांवर वर्षाचे व्याज १,६०० रुपये. वरच्या उदाहरणात साध्या क्रेडिट कार्डावर एका महिन्याला १,६५२ रुपये जात होते. साध्या कार्डाचा एक महिना किसान कार्डाच्या अख्ख्या वर्षाहून महाग आहे.

दुसरा फरक फेडीच्या मुदतीचा. किसान कार्डात परतफेड महिन्याच्या बिलावर नसून पीक किंवा व्यवसायाच्या चक्रावर ठरते. पैसे आले की भरायचे, लागले की काढायचे आणि वापरलेल्या रकमेवर वापरलेल्या दिवसांचेच व्याज. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण लागत नाही.

खते, मजुरी, बागेची राखण, जाळी, बर्फ, डिझेल या धंद्याच्या खर्चासाठी हे कर्ज आहे. पीक कर्जाच्या मर्यादेत घरखर्चासाठी छोटा वाटा धरलेला असतो. पण टीव्ही किंवा लग्नासाठी ते उचलले तर पुढच्या हंगामाचे भांडवल संपते. मुदत चुकली की व्याजाची सवलत जाते आणि पुढचे कर्ज अडते. सोयीची विभागणी अशी: धंद्याचा खर्च किसान कार्डातून आणि पुढच्या बिलात नक्की भरता येईल एवढाच घरखर्च साध्या कार्डावर.

पतगुणांक

देशात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत. गुणांक ३०० ते ९०० दरम्यान असतो. वेळेवर केलेला भरणा हा त्यातला सर्वांत मोठा घटक. मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असा संकेत आहे. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करू नयेत. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. घरासाठी किंवा होडीसाठी कर्ज घेण्याच्या काही महिने आधी तो पाहून चुका दुरुस्त करून घ्याव्यात.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये लागू केलेल्या नियमांनी ग्राहकाला काही ठोस हक्क दिले आहेत.

- न मागितलेले कार्ड देता येत नाही. संमतीशिवाय ते सुरू करून बिल लावले, तर बँकेला आकार रद्द करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो.
- कार्ड ३० दिवसांत सुरू केले नाही तर बँकेने ओटीपीद्वारे संमती घ्यावी लागते. संमती न मिळाल्यास खाते विनाशुल्क बंद करावे लागते.
- ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही.
- सर्व बाकी भरून कार्ड बंद करण्याची विनंती केल्यास ती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण करावी लागते. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला मिळतात.

बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कार्डावर अनोळखी व्यवहार दिसला तर आधी कार्ड बंद करावे, बँकेला लगेच कळवावे आणि फसवणूक असल्यास १९३० वर नोंद करावी. ग्राहकाची चूक नसताना घडलेला व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख मात्र लिहून ठेवावी, कारण पुढे लोकपालाकडे तीच कामी येते.